आकडा जुळला

रत्नागिरीत, मिरजोळ्याच्या एमआयडीसीतल्या कोळंबीच्या कंपनीत हजेरीसाठी अंगठ्याचं मशीन बसवलं, ते पंधरा दिवसही टिकलं नाही. मशीन चांगलं होतं, अंगठेच नव्हते. वर्षानुवर्षं बर्फात हात घालून कोळंबी सोलणाऱ्या बायकांच्या बोटांवरच्या रेषा झिजून गेल्या होत्या. मशीन प्रत्येकीला एकच सांगायचं, ‘प्लीज ट्राय अगेन’. काशी शिवलकर अकरा वेळा अंगठा दाबून म्हणाली, "माझ्या नवऱ्यानं पण मला एवढ्यांदा विचारलं नव्हतं." शेवटी मशीनवर प्लॅस्टिकची पिशवी चढली आणि निशिगंधा कीरच्या हातात पुन्हा हजेरीची वही आली.

निशिगंधा सोलाई हॉलची सुपरवायझर. त्याआधी आठ वर्षं तिनेही त्याच टेबलांवर उभं राहून कोळंबी सोलली होती, त्यामुळे कुणाची कंबर खरी दुखते आणि कुणाची लग्नसराईत दुखते हे तिला न सांगता कळायचं. तिच्या हाताखाली एकेचाळीस बायका. सगळ्यांना निळा एप्रन, पांढरे गमबूट, डोक्याला जाळीची टोपी, तोंडाला मास्क, हातात मोजे. उघडे फक्त डोळे. बाहेरच्या माणसाला एकीतून दुसरी वेगळी काढता आली नसती. निशिगंधाला मात्र पाठीवरूनही कळायचं, ही भाट्याची, ती मांडवीची.

सकाळी ती नावं पुकारायची आणि बायका "हजर" म्हणायच्या. फक्त काशी म्हणायची नाही. पंचावन्न वर्षांची, मांडवीला राहणारी, नवरा जाऊन सात वर्षं झालेली. घरी रिक्षा चालवणारा मुलगा सागर आणि त्याची चार वर्षांची मुलगी संस्कृती. सागरची बायको नर्सिंगचं काम करायला मुंबईला गेलेली, ती महिन्यातून एकदा यायची. काशी नाव पुकारल्यावर म्हणायची, "हाय गो, जातेय कुठं?" रोज तेच आणि रोज बायका हसायच्या.

दिवाळी उलटल्यावर कंपनीत अजिंक्य सावंत सेफ्टी ऑफिसर म्हणून आला. वीस वर्षं बोटीवर काढून, गुडघे गेल्यावर रत्नागिरीत परतलेला माणूस. त्याने पहिल्याच आठवड्यात सांगितलं की इथे मासळी गोठवायला अमोनिया वापरतात, अमोनिया कधी सुटेल सांगता येत नाही, तेव्हा महिन्याला दोनदा भोंगा वाजणार आणि सगळ्यांनी हातातलं टाकून मागच्या कातळावर येऊन उभं राहायचं. तिथे त्याने हिरवा बोर्ड लावला. बायकांना आनंद झाला. तेवढीच पाठ सरळ करायला दहा मिनिटं मिळणार होती.

पहिला भोंगा बुधवारी सकाळी अकराला वाजला. सगळ्या पाच मिनिटांत बाहेर आल्या आणि उन्हात रांगा करून उभ्या राहिल्या. सावंतने बोट दाखवत मोजलं.

"बेचाळीस," तो म्हणाला.

"एकेचाळीस," निशिगंधा म्हणाली. "वहीत एकेचाळीस आहेत."

त्याने पुन्हा मोजलं. बेचाळीस. मग तिने मोजलं. बेचाळीस.

"तुम्ही स्वतःला धरताय काय?" काशीने रांगेतून विचारलं.

सावंत बोटीवरचा माणूस. त्याने रीतसर उपाय काढला. निशिगंधा एकेक नाव पुकारेल, जिचं नाव येईल तिने रांग सोडून भिंतीकडे जायचं. जी उरेल ती कोण ते बघू. निशिगंधाने एकेचाळीस नावं पुकारली. एकेचाळीस बायका एकेक करून भिंतीकडे गेल्या. रांगेच्या जागी कुणीच उरलं नाही. नुसता तापलेला कातळ आणि कडेला वाळलेलं गवत.

दोघांनाही हसू आलं. मग सावंतने सहज म्हणून भिंतीजवळच्या बायका मोजल्या आणि तो हसायचा थांबला.

संध्याकाळी त्याने अहवालात एकेचाळीस लिहिलं. निशिगंधाला म्हणाला, "बोटीवर माणूस कमी पडला तर काय करायचं याचं जाडजूड पुस्तक असतं. जास्त भरला तर काय करायचं ते कुणी लिहिलेलं नाही."

निशिगंधाने ते फारसं मनावर घेतलं नसतं. पण दुसऱ्या दिवशी एप्रन धुणारी सावित्री तिला भेटली. एप्रनांच्या कॉलरवर एक ते एकेचाळीस नंबर रंगवलेले होते. सावित्री म्हणाली, "ताई, नवी बाई घेतली काय? एक एप्रन बिननंबरचा येतो धुवायला."

"कधीपासून?"

"झाले की दोन-तीन महिने. मला वाटलं तुम्हाला माहीत असेल."

"मग सकाळी तो कुणाला देतेस?"

सावित्रीने थोडा विचार केला. "मी सगळे खुंट्यांना लावते. संध्याकाळी सगळे ओले परत येतात. कुणी घेतला ते मी कशाला बघू?"

त्या दिवशी निशिगंधा हॉलमध्ये जरा जास्तच फिरली. लांब स्टीलची टेबलं, त्यांच्या मधोमध बर्फात पसरलेली कोळंबी, खाली वाहतं थंड पाणी, डोक्यावर पंख्यांची घरघर. नाकात कायम क्लोरीन, मासळी आणि त्याखाली अगदी पुसट, जुन्या मुतारीसारखा अमोनियाचा वास. हा वास घरी जाऊन अंघोळ केली तरी केसांत राहायचा. कोपऱ्यातल्या टेबलाच्या शेवटी काशी उभी होती. तिच्या डाव्या बाजूला टेबल संपेपर्यंत हातभर जागा मोकळी होती. त्या मोकळ्या जागेसमोर सोललेल्या कोळंबीच्या डोक्यांचा एक ढीग होता. नीट, स्वच्छ ढीग. काशीचा स्वतःचा ढीग तिच्या उजवीकडे होता.

"काकी, हा कुणाचा?"

"तिचा," काशी मान न वळवता म्हणाली.

"कुणाचा?"

काशीने डावीकडे बघितलं. मग निशिगंधाकडे बघितलं. मास्कच्या वर तिचे डोळे गोंधळले. "आता होती. नवी मुलगी ती. मुतायला गेली असेल."

"नवी मुलगी कुणी नाही, काकी."

"नाय कशी? गणपतीपासून माझ्या बाजूला उभी राहते. चांगली आहे गो. बोलत नाय फारशी, पण ऐकून घेते. नायतर या बाकीच्या, मी एक सांगितलं की आपल्या सासूचं दहा सांगतात."

"तिला काय सांगता तुम्ही?"

"काय सांगणार? घरचंच. सागर असं म्हणाला, संस्कृतीनं तसं केलं. दिवसभर तोंड बंद ठेवून कोळंबी सोलली तर माणूस खुळा होईल."

निशिगंधाने नाव विचारलं. काशीला नाव माहीत नव्हतं. तिने कधी विचारलं नव्हतं. चेहराही आठवत नव्हता, कारण मास्कशिवाय बघितलाच नव्हता. जेवणाच्या सुट्टीत ती कुठे बसते तेही माहीत नव्हतं. हे सगळं सांगता सांगता काशीचे हात हळूहळू थांबले. मग तिने मुद्दाम मोठ्याने हसून म्हटलं, "भूत असेल तर बरंय. माझ्या वाटणीचं पण सोलून टाकील." आणि तिने पुन्हा सुरी घेतली.

निशिगंधा देवभोळी नव्हती. तिचे वडील कोर्टात बेलीफ होते. घरात पुरावा काय, असा प्रश्न लहानपणापासून ऐकलेला. तिने पुरावा शोधायचं ठरवलं. शुक्रवारी दुपारी तीन वाजता, हॉल भरलेला असताना, पेन पडल्याचं निमित्त करून ती दारापाशी खाली वाकली आणि टेबलांच्या खालून पांढऱ्या गमबुटांच्या जोड्या मोजू लागली. पाणी चकाकत होतं. बायका पाय बदलत होत्या, एकीने एक बूट काढून पायाची खाज भागवून घेतली. अडतीस, एकोणचाळीस, चाळीस. एकेचाळिसावी जोडी काशीची, उजव्या बुटाला काळं ठिगळ असलेली.

तिच्या डावीकडे आणखी एक जोडी होती.

ते बूट टेबलाकडे तोंड करून नव्हते. ते काशीकडे तोंड करून होते. अगदी जवळ. कुणीतरी कानाशी वाकून ऐकत असावं इतके.

निशिगंधा उठली. काशीच्या डावीकडे कुणी नव्हतं. काशी मान डावीकडे कलती करून काहीतरी सांगत होती आणि मध्येच आपल्याच बोलण्याला हसत होती.

तिने सोमवारपासून काशीला दाराजवळच्या टेबलावर उभं केलं, दोन बायकांच्या मध्ये. काशीने कुरकुर केली, पण गेली. मंगळवारी त्या दोघींपैकी एक निशिगंधाला म्हणाली, "ताई, तिथे जागा पुरत नाय. कोपर लागतं." तिच्या आणि काशीच्या मध्ये हातभर अंतर होतं, एक जण उभी राहील एवढं. पण तिथे उभं कुणीच नव्हतं.

निशिगंधा मॅनेजरकडे गेली. हर्षदसाहेब पुण्याचे. मासळी खात नव्हते, आणि त्यामुळे कंपनीत त्यांच्याबद्दल थोडी कीव होती. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं.

"काम कमी होतंय का?"

"नाही."

"माल कमी भरतोय?"

"उलट जास्त."

"मग?" त्यांनी चष्मा पुसला. "हे बघा, शुक्रवारी परदेशी गिऱ्हाइकाची माणसं येतायत. ते भोंगा वाजवून बघणार. वहीत एकेचाळीस, तर कातळावर एकेचाळीसच दिसले पाहिजेत. तुम्ही असं करा, एका बाईला त्या दिवशी सुट्टी द्या. वहीत हजेरी राहू दे."

निशिगंधा वही घेऊन बाहेर आली. साहेबांनी तिच्या बोलण्यावर विश्वास ठेवला होता की नव्हता, हे तिला आजतागायत कळलेलं नाही. पण उपाय लागू पडला. शुक्रवारी तिने श्रद्धा नावाच्या बाईला घरी ठेवलं. भोंगा वाजला, सुटातल्या दोन माणसांनी मोजलं आणि आकडा जुळला. श्रद्धाचं नाव पुकारलं तेव्हा गर्दीतून कुणीतरी "हजर" म्हणालं. कुणीतरी मैत्रीण असेल, अशी निशिगंधाने स्वतःची समजूत घातली. तिने कुणालाच तसं सांगून ठेवलेलं नव्हतं.

साहेबांनी सगळ्यांना बटाटेवडे वाटले. निशिगंधाला धरून बेचाळीस मागवले होते; श्रद्धा नव्हती, तरी एकही उरला नाही.

त्यानंतर निशिगंधाला नीट झोप लागेना. तिने काशीला आठ दिवस सुट्टी घ्यायला सांगितलं. काशी म्हणाली, "घरी बसून काय करू? मेले शेजारी तोंड वाजवतील." मग जरा थांबून, आवाज खाली आणून म्हणाली, "ती हल्ली विचारते गो."

"काय विचारते?"

"घर कुठं. आत शिरल्यावर डावीकडे काय, उजवीकडे काय. संस्कृती कुणाजवळ झोपते." काशीने मोजे ओढून बसवले. "मी सांगायची बंद झालेय. पण सगळं आधीच सांगून झालंय."

मंगळवारी साडेअकराला भोंगा वाजला. तो सावंतने वाजवला नव्हता.

आधी वास आला. नेहमीचा पुसट वास एकदम डोळ्यांत सुऱ्या खुपसल्यासारखा झाला. कुणीतरी ओरडलं. बायका दाराकडे पळाल्या, बर्फाचे खोके उलटले, पाण्यावरून दोघी-तिघी घसरल्या आणि त्यांना बाकीच्यांनी एप्रन धरून ओढत नेलं. निशिगंधाने ओली टोपी नाकावर दाबली आणि वही काखेत मारून ती सगळ्यांत शेवटी बाहेर पडली. निदान तिला तसं वाटलं.

कातळावर सगळ्या खोकत होत्या, रडत होत्या. सावंतने त्यांना वाऱ्याच्या उलट बाजूला नेऊन रांगेत उभं केलं. त्याने एकेक डोकं नीट मोजलं. मग त्याने पुन्हा मोजलं आणि डोळे मिटून लांब श्वास सोडला.

"एकेचाळीस. सगळ्या बाहेर आहेत. देवाची कृपा."

निशिगंधाने वही काखेतून काढली.

"नावं घेऊ," ती म्हणाली.

तिने वही उघडली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, अक्षरं दिसत नव्हती, पण नावं पाठ होती. एकेक "हजर" येत गेलं. घोगरं, रडकं, खोकत. सतरावं नाव आलं.

"काशी शिवलकर."

"हजर."

तिने वही मिटली.

"सावंत, काशी आत राहिली."

"ताई, ती काय तिथे उभी आहे."

तिसऱ्या रांगेत काशी उभी होती. तीच उंची, तोच जरा पुढे वाकलेला खांदा. मास्क, टोपी, मोजे. डोळे निशिगंधाकडे लागलेले. सगळ्यांचे डोळे लाल होऊन वाहत होते. ते डोळे कोरडे होते.

"आकडा जुळलाय," सावंत म्हणाला.

"जुळलाय म्हणूनच सांगतेय."

तेवढ्यात अग्निशमनाची गाडी फाटकातून आत आली. निशिगंधा धावत गेली आणि त्यांच्या मुख्य माणसाला म्हणाली, एक बाई आत आहे, बर्फाच्या खोलीकडे बघा, ती बर्फ आणायला जाते. त्याने सावंतकडे बघितलं. सावंतने हातातल्या कागदाकडे बघितलं. मग निशिगंधाकडे.

"हो," तो म्हणाला. "एक जण आहे आत."

दोघे जण पाठीवर सिलिंडर बांधून आत गेले.

निशिगंधा तिसऱ्या रांगेकडे चालत गेली.

"काकी, मास्क काढा."

डोळे तिच्याकडे बघत राहिले. त्यांच्या कडेला हसल्यासारख्या बारीक सुरकुत्या पडल्या. त्याही काशीच्याच.

"काकी, तुम्हाला सांगतेय. मास्क काढा."

मागे गलका झाला. तिने वळून पाहिलं. दारातून त्या दोघांनी एक देह उचलून आणला होता. निळा एप्रन, कॉलरवर सतरा. उजव्या बुटाला काळं ठिगळ.

ती परत वळली. रांगेत दोन बायकांच्या मध्ये एक माणूस मावेल एवढी जागा मोकळी होती. दोघींपैकी एकीचा हात अजून कोपरापाशी वाकलेला होता, कुणाच्या तरी दंडात अडकवल्यासारखा.

रुग्णवाहिकेत निशिगंधाच बसली. सरकारी रुग्णालयात काशीला ऑक्सिजन लावला. डॉक्टर म्हणाले, अजून पाच-सात मिनिटं गेली असती तर काही खरं नव्हतं. तीनच्या सुमाराला काशीने डोळे उघडले. मास्क जरा बाजूला सारून ती पुटपुटली, "मी आतून हाक मारली गो. तिनं दार ओढून घेतलं." निशिगंधाने तिचा हात धरला. बोलू नका म्हणाली.

मग तिच्या लक्षात आलं, घरून कुणीच आलेलं नाही. कंपनीत गॅस सुटल्याची बातमी दुपारीच सगळ्या रत्नागिरीच्या फोनांवर फिरली होती. बाकीच्या बायकांची माणसं फाटकाशी जमली होती, सागरचा पत्ता नव्हता. तिने त्याला फोन लावला.

"निशाताई," सागर म्हणाला. आवाज निवांत होता. "गॅसचं बघितलं मी मोबाइलवर. रिक्षा काढणारच होतो, तेवढ्यात आई आली. जीव भांड्यात पडला."

निशिगंधाने खाटेवरच्या काशीकडे बघितलं. "कधी आली?"

"साडेबारा झाले असतील. चालत आली वाटतं. दमलीय, बोलत नाय काय. घशात गॅस गेला असेल."

"कुठे आहे ती?"

"आतल्या खोलीत बसलीय. संस्कृतीला मांडीवर घेऊन." तो थोडा हसला. "पोरगी पण तेव्हापासून गप्प. एवढी गप्प कधी बसत नाय."

खाटेवर काशीने निशिगंधाची ओढणी ओढली. "सागर काय? संस्कृती जेवली काय, विचार."

निशिगंधाने फोन कानाशी घट्ट धरला. "सागर, नीट ऐक. मी सरकारी दवाखान्यात आहे, तुझ्या आईजवळ. तुझी आई इथे माझ्यासमोर आहे. संस्कृतीला उचल आणि रस्त्यावर ये. आत्ता."

पलीकडे पावलं वाजली. मग फोन खाली धरल्यासारखा सागरचा आवाज, लांबून.

"संस्कृती, ये गो बाय."

थांबला.

"आई, दे तिला इकडे. सोड तिला."

काशी ओढणी धरून वाट बघत होती.

मग सागर पुन्हा बोलला. अगदी हळू, आणि अनोळखी बाईशी बोलावं तसा.

"अहो," तो म्हणाला. "सोडा ना तिला."